मॅरॅथॉनचे दोन सोबती

शर्यतीची हकीकत म्हटली कीं तींत पहिला कोण आला, किती वेळांत आला, आणि त्यानें कोणाचा उच्चांक मोडला, एवढेंच सांगण्याची वहिवाट आहे. आज ज्या दोघांविषयीं मी बोलणार आहें ते पहिले तर आले नाहींतच, पण विजेता अंतिम रेषा ओलांडून गेल्यावर तीन तासांहून अधिक काळ लोटला तेव्हां कोठें ते त्या रेषेशीं पोंचले. असें असूनही न्यूयॉर्क शहराच्या मॅरॅथॉन शर्यतीचा इतिहास लिहूं लागणाऱ्यास १९९२ सालच्या प्रकरणांत या दोघांना वगळून पुढें जातां येत नाहीं. त्यांतील एकाच्या मेंदूंत कर्करोग झालेला होता. दुसरी व्यक्ति त्या काळांतील जगांतली सर्वश्रेष्ठ स्त्री-धांवपटू होती.

प्रथम या शर्यतीच्या नांवाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. इसवी सनापूर्वीं ४९० मध्यें मॅरॅथॉनच्या मैदानावर अथेन्सवासीयांनीं इराणी फौजेचा पराभव केला, एक दूत ती वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धांवत आला, आणि 'जय झाला' एवढें सांगून त्यानें प्राण सोडला, ही गोष्ट आम्ही शाळामास्तर पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलों. ती मोठी रसाळ आहे यांत शंका नाहीं. पण हेरोडोटस या जुन्या इतिहासकारानें जो दूत वर्णिला आहे तो अथेन्सहून स्पार्टाकडे मदत मागावयास गेलेला आहे, आणि तो कांहीं धांवून मेला नाहीं. विजयवार्ता सांगून कोसळणारा दूत कित्येक शतकांनंतरच्या लेखकांच्या लिखाणांत अवतरतो. १८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामने नव्यानें सुरू झाले, तेव्हां मिशेल ब्रेआल नांवाच्या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून या कथेच्या स्मरणार्थ लांब पल्ल्याची शर्यत ठेवण्यांत आली, व स्पिरिडॉन लुईस नांवाच्या ग्रीक गृहस्थानें ती जिंकली. आज जें २६ मैल ३८५ यार्डांचें अंतर सर्वत्र मानलें जातें तें १९०८ सालच्या लंडन येथील सामन्यांत प्रथम आलें, आणि १९२१ सालीं तें कायमचें ठरविण्यांत आलें. म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या कथेवर ही शर्यत उभी आहे, आणि ती कथा बहुधा कल्पित आहे! या योगायोगाकडे श्रोत्यांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होईल.

आपल्या प्रांताचाही या शर्यतीशीं संबंध अगदीं जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धांवणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठवावे असें आलें, आणि १९२० सालीं अँटवर्प येथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉन धांवले. २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत त्यांनीं ती शर्यत पुरी केली आणि १९ वा क्रमांक मिळविला. सरावासाठीं ना खास जोडे, ना आहारशास्त्रज्ञ, अशा त्या दिवसांत हा क्रमांक लहान नव्हे. असो. आपल्याला जावयाचें आहे तें न्यूयॉर्कला.

न्यूयॉर्कची मॅरॅथॉन आज जगांतील सर्वांत मोठ्या शर्यतींपैकीं एक आहे. परंतु तिचा जन्म अगदीं गरिबींत झाला. १९७० सालीं सप्टेंबरच्या १३ तारखेस सेंट्रल पार्क नांवाच्या तेथील विस्तीर्ण उद्यानांत पहिली शर्यत झाली. प्रवेशशुल्क एक डॉलर. १२७ माणसें धांवावयास उभीं राहिलीं, त्यांपैकीं ५५ शेवटपर्यंत पोंचलीं. उद्यानाच्या त्याच त्या रस्त्यावरून फेऱ्या मारावयाच्या, आणि फिरावयास आलेल्या लोकांनीं हे कोण वेडे म्हणून पाहावें, असा एकंदर थाट होता. गॅरी मर्क नांवाचा आगीच्या बंबावरील एक जवान पहिला आला. एकच स्त्री धांवावयास उभी होती, तिचें नांव नीना कुसिक. आजारी असल्यामुळें तिला ती शर्यत अर्ध्यांत सोडावी लागली. ज्या ५५ जणांनीं शर्यत पुरी केली त्यांत ४५ वा क्रमांक मिळविणारा एक गृहस्थ होता, त्यास ४ तास १२ मिनिटें लागलीं. तोच या शर्यतीच्या दोन संस्थापकांपैकीं एक. त्याचें नांव फ्रेड लेबो.

लेबो यांचें मूळ नांव फिशेल लेबोविट्स. रुमानियांतील अराद या गांवीं एका धर्मनिष्ठ यहुदी कुटुंबांत १९३२ सालच्या ३ जून रोजीं त्यांचा जन्म झाला. ते सात वर्षांचे असतांना दुसरें महायुद्ध सुरू झालें. युरोपांतील यहुद्यांवर त्या काळांत काय प्रसंग गुदरला हें श्रोत्यांना सांगावयास नको. युद्धानंतर हा मुलगा घरदार सोडून युरोपांत देशोदेशीं भटकला, आणि अखेरीस अमेरिकेंत जाऊन न्यूयॉर्कच्या कापड-कपड्यांच्या बाजारांत स्थिरावला. मोठमोठ्या दुकानांतील नामांकित कपड्यांच्या नमुन्याबरहुकूम स्वस्त कपडे काढून विकण्याचा त्यांचा धंदा होता. टेनिस खेळतांना दम लागतो म्हणून ते धांवूं लागले, आणि टेनिस राहिलें बाजूला, धांवण्यानेंच त्यांना पछाडलें. धांवपटू म्हणून त्यांच्यांत विशेष कांहीं नव्हतें हें त्यांच्या ४५ व्या क्रमांकावरून दिसतेंच. परंतु जो स्वतः मागें राहतो त्यालाच मागें राहणाऱ्यांची आठवण राहते, असा माझा वर्गांतील अनुभव आहे.

१९७२ सालीं ते न्यूयॉर्कच्या धांवपटूंच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षींचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. स्त्रियांनीं पुरुषांबरोबर धांवूं नये, त्यांची शर्यत दहा मिनिटें आधीं सुरू व्हावी, असा अमेरिकेच्या क्रीडामंडळाचा नियम होता. त्या दिवशीं इशारा होतांच सहा स्त्रिया आरंभरेषेवर फतकल मारून बसल्या, दहा मिनिटें तशाच बसून राहिल्या, आणि पुरुष निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर उठून धांवल्या! पहिल्या वर्षीं आजारामुळें परत फिरलेल्या नीना कुसिक याही त्या सहांत होत्या, आणि स्त्रियांत पहिल्या आल्या त्याही त्याच.

१९७६ हें अमेरिकेच्या स्वातंत्र्याचें द्विशताब्दि-वर्ष. त्या निमित्तानें ही शर्यत उद्यानाबाहेर काढून न्यूयॉर्क शहराच्या पांचही विभागांतून न्यावी अशी कल्पना जॉर्ज स्पिट्झ या गृहस्थांनीं मांडली, व मॅनहॅटन विभागाचे अध्यक्ष पर्सी सटन यांनीं ती उचलून धरली. लेबो यांना ती आरंभीं झेपणारी वाटली नाहीं असें सांगतात. पण एकदां मनावर घेतल्यावर त्यांनीं देणग्या मिळविल्या, पोलिसांना राजी केलें, पुलांवरून माणसें धांवविण्याची परवानगी आणली. त्या वर्षीं २,००० हून अधिक लोक धांवावयास उतरले. त्या काळीं न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतें, गुन्हेगारीनें बदनाम झालेलें होतें; एका विभागांतला मनुष्य दुसऱ्या विभागांत पाऊल टाकावयास कचरत असे. त्या शहरांतील लोक आपापल्या दारांत उभे राहून अनोळखी माणसांना टाळ्या देऊं लागले, ही गोष्ट मला त्या शर्यतीच्या कोणत्याही उच्चांकापेक्षां मोठी वाटते. लेबो यांच्या अंगांत जाहिरातबाजी पुष्कळ होती. तमाशा उभा करण्याची त्यांना हौस होती. नामांकित खेळाडूंना ते गुपचूप पैसे देत, असा त्यांच्यावर आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. पण त्यांचा तमाशा फुकट पाहावयास मिळे, आणि कोणालाही त्यांत भाग घेतां येई.

आतां दुसऱ्या व्यक्तीकडे वळूं. ग्रेटे वाइट्स या नॉर्वे देशांतील ऑस्लोच्या राहणाऱ्या, जन्म १९५३ चा, आणि पेशानें शाळाशिक्षिका. शिक्षकाचा पेशा सांभाळून पहाटे काळोखांत आणि बर्फांत धांवण्याचा सराव करणाऱ्या या बाईंविषयीं मला जरा अधिक आपलेपणा वाटतो, हें मी लपवीत नाहीं. १९७८ पर्यंत त्या मध्यम पल्ल्याच्या धांवपटू म्हणूनच ठाऊक होत्या. १३ मैलांहून अधिक अंतर त्या कधीं सलग धांवलेल्या नव्हत्या. लेबो यांनीं त्यांना त्या वर्षीं न्यूयॉर्कला बोलाविलें तें जिंकण्यासाठीं नव्हे; आरंभीं वेगानें धांवून पुढच्या स्त्रियांना गति लावून द्यावी, आणि मग वाटल्यास बाजूला व्हावें, एवढ्याच अपेक्षेनें बोलाविलें. बाई बाजूला झाल्या नाहींत. शेवटचे मैल फार यातनांत काढून त्यांनीं २ तास ३२ मिनिटें ३० सेकंदांत शर्यत जिंकली आणि जगाचा उच्चांक दोन मिनिटांहून अधिक फरकानें मोडला. मात्र रेषा ओलांडल्यावर त्यांनीं पायांतले जोडे काढून नवऱ्याच्या अंगावर भिरकावले. कारण ही यातना पत्करण्याचा आग्रह त्याचा होता! पुन्हां या वाटेला जाणार नाहीं म्हणणाऱ्या बाई दुसऱ्याच वर्षीं आल्या आणि २ तास २७ मिनिटें ३३ सेकंदांत धांवल्या. १९७८ ते १९८८ या काळांत त्यांनीं ही शर्यत नऊ वेळां जिंकली. १९८३ सालीं हेलसिंकी येथें झालेल्या पहिल्या जागतिक सामन्यांत मॅरॅथॉनचें सुवर्णपदक त्यांचेंच, आणि १९८४ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्यें रौप्यपदकही त्यांचें. या दहा वर्षांत लेबो आणि ग्रेटेबाई यांचा स्नेह जमला. एक अति बोलका, दुसरी अति मितभाषी. स्नेहाला असाच जोड बहुधा लागतो.

१९९० सालच्या आरंभीं लेबो यांच्या मेंदूंत कर्करोग असल्याचें निदान झालें. आयुष्याचे फार थोडे महिने उरले आहेत असें वैद्यांचें मत पडलें. किरणोपचार झाले, औषधोपचार झाले. केस गेले, शक्ति गेली. परंतु रुग्णालयांत असतांनाच या गृहस्थांनीं तेथील ओसऱ्यांतून चालावयास आरंभ केला आणि किती फेऱ्या झाल्या म्हणजे एक मैल होतो याचा हिशेब मांडला. ज्याचें आयुष्य अंतरें मोजण्यांत गेलें त्याला खाटेवरही तोच हिशेब सुचावा, यांत मला नवल वाटत नाहीं. हळूहळू चालण्याचें धांवणें झालें. महिने सांगितले होते, तेथें वर्षें गेलीं. १९९२ च्या जून महिन्यांत त्यांना साठ वर्षें पुरीं झालीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १९७० सालीं उद्यानांतील फेऱ्या त्यांनीं धांवून काढल्या होत्या; पण १९७६ पासून पांच विभागांतून जाणारी जी शर्यत त्यांनीं उभी केली ती ते स्वतः एकदांही धांवले नव्हते. धांवणार कसे? लग्नघरांतल्या यजमानाला पंगतीला बसावयास सवड होत नाहीं, तशांतला हा प्रकार. साठीच्या वर्षीं आपली शर्यत आपण धांवावी अशी त्यांची इच्छा होती, आणि सोबतीला येईन असा शब्द ग्रेटेबाईंनीं दिला. बाईंचें वय तेव्हां ३९. शर्यतींतून त्या निवृत्त झाल्या होत्या.

१९९२ च्या नोव्हेंबरची १ तारीख, रविवार. आरंभ स्टेटन आयलंड या बेटावर. तेथून व्हेराझॅनो नांवाचा प्रचंड झुलता पूल चढून ब्रुकलिनमध्यें उतरावयाचें. पहिला चढच मैलभर, खालीं समुद्राची खाडी. मग ब्रुकलिनच्या सरळ लांब रस्त्यांवरून, एकामागून एक निरनिराळ्या जातिधर्मांच्या वस्त्यांतून, पुलास्की पुलापर्यंत. तेथें अर्धी शर्यत संपते. क्वीन्स विभागांतून थोडें अंतर गेलें कीं क्वीन्सबरो पूल येतो. त्या पुलावर प्रेक्षक नसतात, नुसता पावलांचा आवाज असतो असें धांवलेले लोक सांगतात. आणि तो उतरून मॅनहॅटनच्या पहिल्या हमरस्त्यावर वळलें म्हणजे एकाएकीं माणसांचा गजर कानांवर आदळतो. वीस मैल होतात तेथें ब्राँक्स विभागांत शिरावयाचें, पुन्हां पूल ओलांडून मॅनहॅटनमध्यें यावयाचें, आणि शेवटीं सेंट्रल पार्क.

त्या दिवशीं २५,००० हून अधिक माणसें या वाटेनें गेलीं. दक्षिण आफ्रिकेचा विली म्टोलो २ तास ९ मिनिटें २९ सेकंदांत पहिला आला. वर्णद्वेषी राजवटीमुळें त्याच्या देशाला जागतिक क्रीडाक्षेत्रानें कित्येक वर्षें बाहेर ठेवलें होतें, आणि तो बहिष्कार त्याच सुमारास उठला होता; तेव्हां त्याचा विजयही इतिहासांत नोंदण्यासारखाच. स्त्रियांत ऑस्ट्रेलियाच्या लिसा ओंडिएकी पहिल्या आल्या. एरवीं येथें शर्यतीचा वृत्तांत संपला असता.

मागें ग्रेटेबाई आणि लेबो धांवत होते. बाईंचा वेग त्यांच्या ऐन उमेदीच्या काळांत मैलाला साडेपांच मिनिटांचा. त्या दिवशींचा वेग मैलाला साडेबारा मिनिटांहून अधिक. ज्याला भरभर चालावयाची संवय आहे त्यानें लहान मुलाचा हात धरून बाजारांतून घरापर्यंत चालून पाहावें, म्हणजे यांत काय कष्ट आहेत तें कळेल. पाय आपली चाल मागतो, आणि ती त्याला द्यावयाची नाहीं. असें अर्धा-पाऊण तास नव्हे, साडेपांच तास. अडीच तासांत मोकळें होणारें शरीर दुपटीहून अधिक वेळ कठिण रस्त्यावर आदळत राहतें. ही शर्यत आपल्याला फार अवघड गेली असें बाईंनीं पुढें सांगितलें आहे. नऊदां जिंकलेली वाट दहाव्या प्रकारानें पाहावयास मिळाली, असें म्हणा हवें तर. आणि लेबो यांचें काय? ज्या वळणावर दरसाल ते गाडींतून पुढें पाहून जात, त्या प्रत्येक वळणावर आतां लोक त्यांचें नांव घेऊन ओरडत होते. कित्येक जण वाटेंत रडत होते.

पांच तास बत्तीस मिनिटें आणि कांहीं सेकंद झाल्यावर दोघे मिळून रेषेशीं आले. दोघांचेही डोळे भरून आलेले होते. लेबो गुडघे टेकून खालीं वांकले आणि त्यांनीं अंतिम रेषेचें चुंबन घेतलें. तमाशाची हौस असलेल्या माणसाचें हें कृत्य तमाशासाठीं होतें काय, अशी शंका कोणाच्या मनांत आली असेल तर त्यानें बाईंच्या चेहऱ्याचें छायाचित्र पाहावें.

दुखण्याईत मनुष्यानें असें साहस करावें काय, हा प्रश्न मला एका सुविद्य गृहस्थांनीं केला. सरसकट कोणी करूं नये, हें मी स्वच्छ सांगतों. पण या प्रकरणांत साहस थोडें आणि शिस्त फार आहे. पावणेतीन वर्षें चालण्यापासून आरंभ करून शरीर तयार केलेलें. वेग आपल्या बळाइतकाच ठेवलेला. आणि शेजारीं अशी सोबतीण कीं जिला थांबावें लागलें तरी कमीपणा वाटणार नाहीं. ग्रीक कथेंतला दूत एकटाच धांवला, मागें वळून न पाहतां धांवला, आणि मेला. दुसरें कोणी बरोबर असतें तर त्याला 'जरा दम घे' म्हणालें असतें!

पुढील वर्षीं, म्हणजे १९९३ सालीं, ग्रेटेबाईंच्या हातून याच जातीचें आणखी एक काम झालें. झोई कोप्लोविट्स नांवाच्या बाईंना मज्जासंस्थेचा दुर्धर आजार होता. दोन कुबड्यांवर त्या ही शर्यत चालून पुरी करीत, आणि त्याला चोवीस तासांहूनही अधिक वेळ लागे. त्या पोंचत तेव्हां मंडप उठलेले, रस्ते झाडून झालेले. ग्रेटेबाई त्यांच्यासाठीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंतिम रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. गळ्यांत घालावयास पदक उरलें नव्हतें, तेव्हां धांवत बिऱ्हाडीं जाऊन त्यांनीं आपल्या नवऱ्याचें पदक आणलें. ज्या नवऱ्याला जोडे मिळाले होते त्याचें पदकही गेलें!

लेबो यांचा रोग उलटला आणि १९९४ च्या ऑक्टोबरची ९ तारीख हा त्यांचा अखेरचा दिवस ठरला. त्या वर्षींची मॅरॅथॉन चार आठवड्यांवर आली होती. शर्यतीच्या दोन दिवस आधीं सेंट्रल पार्कमध्यें त्यांचा पुतळा उघडण्यांत आला. अंगांत नेहमींचा धांवण्याचा पोशाख, डोक्यावर टोपी, आणि नजर हातांतल्या घड्याळाकडे. त्या शर्यतींत मेक्सिकोचा हेर्मान सिल्व्हा शेवटच्या मैलांत चुकीच्या रस्त्यानें वळला, चूक लक्षांत येतांच परतला, आणि तरीही दोन सेकंदांनीं जिंकला. लेबो यांना ही शर्यत फार आवडली असती.

ग्रेटेबाईंना २००५ सालीं कर्करोग झाल्याचें निदान झालें. दुखण्यासंबंधीं त्या जाहीर फारसें बोलल्या नाहींत. रुग्णांनीं उपचार चालू असतांना अंगाला झेपेल तेवढा व्यायाम करावा म्हणून त्यांनीं २००७ सालीं नॉर्वेमध्यें एक संस्था काढली, आणि तिच्या मार्फत तेथील रुग्णालयांत व्यायामशाळा उघडण्यांत आल्या. २०११ च्या एप्रिलमध्यें, वयाच्या ५७ व्या वर्षीं, ऑस्लो येथें त्या वारल्या. मुंबईची मॅरॅथॉन २००४ सालीं सुरू झाली. तींत वृद्धांसाठीं आणि अपंगांसाठीं वेगळ्या धांवा ठेवलेल्या असतात, त्या पाहावयास श्रोत्यांनीं अवश्य जावें, आणि विजेते गेल्यावर लगेच घरीं परतूं नये. न्यूयॉर्कमध्यें लेबो यांचा पुतळा एरवीं उद्यानाच्या पूर्व दाराजवळ असतो. शर्यतीच्या वेळीं तो तेथून उचलून अंतिम रेषेजवळ नेतात, आणि शर्यत झाली कीं पुन्हां जागेवर आणून ठेवतात.